रोख मानवतावादी साहाय्यातील जोखीम-व्यवस्थापन

युद्ध, दुष्काळ, भूकंप, पूर इ. आपत्तींत सापडलेल्या लोकांना वस्तूंऐवजी पैसे देण्याच्या पद्धतीस रोख मानवतावादी साहाय्य म्हणतात. या पद्धतीत संभवणारे धोके आगाऊ ओळखून ते टाळण्याचे वा सौम्य करण्याचे उपाय योजणे म्हणजे जोखीम-व्यवस्थापन होय. बाजारात माल असूनही केवळ क्रयशक्तीच्या अभावी लोक उपाशी राहतात, तेथे रोख साहाय्य विशेष उपयुक्त ठरते. क्रयशक्तीचा हा ऱ्हास दुष्काळास कसा कारणीभूत होतो, याचे विवेचन अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे.

महाराष्ट्रातील १९७२–७३ च्या दुष्काळात सरकारी कामांवर रोख मजुरी देण्यात आली. मे १९७३ मध्ये अशा कामांवरील मजुरांची संख्या सु. ५० लाखांवर गेली होती. तेथे श्रमाची अट हीच गरजूंची पारख करणारी चाळणी होती. बिनशर्त साहाय्यात ती नसल्याने लाभार्थींची निवड व पडताळणी अधिक बिकट होते.

जोखमीचे प्रकार : (१) बाजारविषयक : पुरवठा वाढण्यास वाव नसताना पैसा आल्यास भाव चढतात, चलनाचे मूल्य घसरल्यास ठरविलेली रक्कम अपुरी पडते. (२) आर्थिक : अपहार, बनावट नावे, दुबार नोंदणी तसेच सशस्त्र गटांकडे पैसा वळणे. (३) संरक्षणविषयक : लूट, खंडणी, कौटुंबिक कलह व वगळलेल्यांचा रोष. (४) माहितीविषयक : लाभार्थींच्या नोंदी उघड होणे. वस्तुरूप साहाय्यही निर्धोक नसते. धान्याची चोरी व नासाडी होते. यास्तव रोख साहाय्यातील धोक्यांची तुलना पर्यायी मार्गांतील धोक्यांशी करावी लागते.

सोमालियातील अनुभव : संयुक्त राष्ट्रांनी २० जुलै २०११ रोजी दक्षिण सोमालियाच्या दोन प्रदेशांत दुर्भिक्ष जाहीर केले. दक्षिणेचा बराच भाग अल्-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात होता आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने तेथील बहुतेक काम जानेवारी २०१० मध्ये थांबविले होते. बाजार मात्र चालू होते. त्यामुळे अनेक संस्थांनी हवाला पेढ्यांमार्फत पैसे वाटले. पैसे पोहोचविताना होणाऱ्या लुटीची जोखीम करारान्वये पेढीवर सोपविता येत असे. तथापि विस्थापितांच्या छावण्यांवर हुकमत गाजविणारे काही दलाल लाभार्थींकडून वाटा उकळीत. याहून मोठी हानी विलंबाने झाली. साहाय्य सशस्त्र गटांच्या हाती पडेल व त्याबद्दल कायदेशीर कारवाई होईल, ही भीती विलंबाच्या कारणांपैकी एक होती. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सु. २,५८,००० अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज असून त्यांपैकी पुष्कळसे दुर्भिक्ष जाहीर होण्यापूर्वीचे होते. मदत न देणे हीदेखील एक जोखीमच आहे, हे यावरून स्पष्ट होते.

नियंत्रणे व त्यांच्या मर्यादा : वाटपापूर्वी बाजाराचे सर्वेक्षण करतात व नंतर भावांवर लक्ष ठेवून रक्कम बदलतात. याद्या करणारे व पैसे देणारे वेगळे ठेवणे, हप्त्यांनी वाटप, लाभार्थींच्या घरी जाऊन स्वतंत्र चौकशी आणि तक्रारींची सोय हे नेहमीचे उपाय होत. जॉर्डनमधील झातरी छावणीत २०१६ पासून बुबुळांच्या ठशांवरून ओळख पटवून खरेदी करू देण्यात येऊ लागली. अशा उपायांनी तोतयेगिरीस आळा बसतो. परंतु साठविलेली माहिती हाच नवा धोका ठरतो. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या संगणकांवरील हल्ल्यात ५,१५,००० हून अधिक व्यक्तींची माहिती परक्या हाती गेल्याचे जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आले. कडक ओळखपत्रांच्या अटीमुळे कागदपत्रे गमावलेले निर्वासितच वगळले जातात.

दात्यांना हिशेबाची काळजी असते, तर लाभार्थीला उपजीविकेची व सुरक्षिततेची. नियंत्रणाने संस्थेची जोखीम घटत असली, तरी ती लाभार्थीवर ढकलली जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक उपाय ठरविताना त्याचा भार कोणावर पडतो, हे तपासणे हे जोखीम-व्यवस्थापनाचे आवश्यक अंग मानले जाते.