भूकंपाची भीती ३० वर्षांनंतरही का जात नाही? मेंदूत काय होतं अन् उपाय काय, जाणून घ्या

लातूर/नांदेड : १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेडपर्यंत जमीन हादरली. असा धक्का बसला की तरुण पोरं व्हॉट्सअपला स्टेटस टाकून मोकळी होतात. पण ज्यांनी १९९३ पाहिलंय, त्यांच्यापैकी काहींना रात्रभर झोप लागत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो. घरचे म्हणतात, "तीस वर्षं झाली की, आता काय घाबरायचं?" कुणी बाधा समजून देवऋष्याकडे नेतं.

ही बाधा नाही अन् भित्रेपणाही नाही. हा मेंदूवर बसलेला आघात आहे आणि त्यावर उपचार आहेत.

त्या पहाटे काय झालं?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर परिसरात दगड-मातीच्या भिंती अन् माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १० हजार जीव गेले. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर बरेच दिवस लोक पक्क्या छताखाली झोपायला तयार नव्हते, पत्र्याचं शेड बरं वाटायचं.

मेंदूत काय बिघडतं?

मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. तो शेतातल्या राखणदारासारखा. धोका दिसला की ओरडतो, मग काळीज धडधडतं, हातपाय पळायला तयार होतात. मोठ्या आघातानंतर हा राखणदार पाचोळा वाजला तरी ओरडायला लागतो.

दुसरा भाग हिप्पोकॅम्पस. तो तलाठ्यासारखा प्रत्येक आठवणीची तारखेसह नोंद करतो. जीवघेण्या भीतीत ही नोंद अर्धवट राहते. म्हणून ट्रक गेला, भांडं पडलं किंवा विसर्जनाचा ढोल वाजला, तरी जुनी गोष्ट आत्ताच घडतेय असं वाटतं. कपाळामागचा विचार करणारा भाग "काही नाही, ट्रक आहे" असं समजावतो, पण त्या क्षणी त्याचं कुणी ऐकत नाही.

अपघात, पूर, मारहाण, घरातली आत्महत्या यानंतरही असंच होऊ शकतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

पहिले काही आठवडे भीती, वाईट स्वप्नं येणं साहजिक आहे. बहुतेक जण हळूहळू सावरतात. पण महिना उलटूनही त्रास चालूच असेल, झोप-काम बिघडलं असेल, माणूस एकटा-एकटा राहत असेल, तर दाखवून घ्या. त्रास जुना असला तरी उपचार होतात. बोलण्यातून उपचार करतात, म्हणजे समुपदेशक त्या आठवणीकडे हळूहळू, सुरक्षितपणे पाहायला शिकवतात. गरज पडली तर गोळ्या देतात.

घरच्यांनी काय करावं?

- बोलायची जबरदस्ती करू नका. स्वतःहून बोलले तर मध्ये न तोडता ऐका.
- "विसरून जा" म्हणू नका. "आम्ही आहोत" म्हणा.
- धडधड वाढली तर पाय जमिनीवर टेकवून, सावकाश लांब श्वास सोडायला सांगा.
- जेवण-झोपेची वेळ सांभाळा. दारूने झोप अन् भीती दोन्ही बिघडतात.
- माणसांत अन् कामात ठेवा. भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या बाया 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेसोबत घरदुरुस्तीच्या कामात उतरल्या. २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला, तेव्हा तिथल्या बायांना धीर द्यायला याच भागातल्या महिला गेल्या.

मदत कुठे मिळेल?

१४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास चालू असते अन् मराठीत बोलता येतं. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. कुठे जायचं कळत नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका अन् लगेच फोन करा.