निवड समितीत विद्यार्थ्यांच्या दोन खुर्च्या

जहांगीर कलादालनात प्रदर्शन लावायचं तर अर्ज करावा लागतो, निवड समितीची पसंती मिळवावी लागते आणि निवड झाल्यावरही तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनातही परीक्षकांनी निवडलेलीच चित्रं भिंतीवर जातात. अमृता शेरगिलच्या तीन मुलींच्या चित्राला याच सोसायटीनं १९३७ साली सुवर्णपदक दिलं होतं. बंद खोलीत बसलेल्या चारपाच माणसांच्या नजरेवर इतकं काही अवलंबून असतं, आणि त्या खोलीत विद्यार्थी क्वचितच असतो.

मी घाटकोपरच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि तिथलं छोटं कलादालन सांभाळते. प्रदर्शनं मोजकी होतात, प्रस्ताव कितीतरी येतात. आमच्या समितीत दोन प्राध्यापक, बाहेरचा एक चित्रकार आणि दोन विद्यार्थी असतात. पाचही मतं सारख्या वजनाची. ‘मुलांनाही बोलावलं होतं’ असं अहवालात लिहिण्यापुरतं त्यांना बसवायचं असेल, तर बसवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रस्ताव म्हणजे नुसते चित्रांचे फोटो नसतात. चित्रकाराचं निवेदन, प्रत्येक कामाचं माध्यम, माप आणि साल, कुठल्या भिंतीवर काय लागेल याचा आराखडा, खर्चाचा अंदाज, एवढं सगळं त्यात येतं. पहिल्या बैठकीआधी मी मुलांच्या हातात टेप देते आणि भिंत मोजायला लावते. पडद्यावर दोन्ही चित्रं एकाच आकाराची दिसली, तरी एक वहीएवढं आणि दुसरं दरवाजाएवढं असू शकतं, हे भिंतीपाशी उभं राहिल्यावरच नीट उमगतं.

मग प्रत्येकानं एकट्यानं गुण द्यायचे आणि दोन ओळींत कारण लिहायचं. चर्चा त्यानंतर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमनं २००८ साली ‘क्लिक!’ या प्रदर्शनासाठी असंच काहीसं केलं होतं. आलेली ३८९ छायाचित्रं ३,३४४ लोकांनी ऑनलाइन जोखली, पण छायाचित्रकाराचं नाव किंवा इतरांनी दिलेले गुण कोणालाच दिसत नव्हते. आमच्याकडे हे अधिकच गरजेचं आहे. सर आधी बोलले की मुलगी आपलं मत गिळते. कागदावर आधीच लिहिलेलं असेल, तर ते वाचून दाखवावंच लागतं.

एकदा असल्फाच्या टेकडीवरच्या रंगीत घरांच्या छायाचित्रांचा प्रस्ताव आला होता. २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ उपक्रमात ही घरं रंगवली गेली आणि वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून जाणारे लोक त्यांचे फोटो काढू लागले. फोटो सुंदरच होते, आम्ही तिघांनी भरभरून गुण दिले. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, त्याच टेकडीवर राहणाऱ्या मुलीनं मात्र कमी दिले. तिनं लिहिलं होतं, ‘सगळे फोटो खालून किंवा मेट्रोतून काढलेत. एकाही फोटोत कोणाचं दार उघडं नाही.’ दुसऱ्या विद्यार्थ्याला हे पटलं नाही. लांबून दिसणारं लांबूनच दाखवण्यात गैर काय, असं त्याचं म्हणणं. दोघं चांगलंच भांडले. प्रस्ताव मंजूर झाला, पण तिचा आक्षेप आम्ही छायाचित्रकाराला कळवला आणि त्यानं आपण कुठे उभं राहून फोटो काढले ते निवेदनात स्पष्ट लिहिलं. तिचा मुद्दा आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आला नव्हता. इतकी वर्षं चित्रं बघूनही!

मुलांना कलेतलं काय कळतं, असं अजूनही विचारलं जातं. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात १९६३ पासून दर काही वर्षांनी विद्यार्थी न्यूयॉर्कला जाऊन विद्यापीठाच्या पैशातून समकालीन कलाकृती विकत घेतात. कुठली घ्यायची ते तेच ठरवतात, आणि त्याआधी महिनोन्महिने त्या कलाकारांचा अभ्यास करतात. मुलांना अभ्यासाला वेळ द्यायचा आणि निर्णय खरोखर त्यांच्यावर सोपवायचा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

नियम मात्र कडक हवेत. अर्जदार नात्यातला, ओळखीचा किंवा आपला शिक्षक असेल, तर त्या प्रस्तावापुरतं बाहेर बसायचं. दर वर्षी नवे दोघं घ्यायचे, त्यातला एक तरी कलाशाखेबाहेरचा.

नकाराची पत्रंही मुलंच लिहितात, मी फक्त शुद्धलेखन तपासते. ‘आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही’ एवढ्यावर पत्र संपवायचं नाही, कोणत्या चित्रापाशी आपण थांबलो आणि कुठे अडलो हे सांगायचं, अशी अट आहे. एका ज्येष्ठ चित्रकारानं उलट फोन करून पत्र लिहिणाऱ्या मुलाशी बराच वेळ वाद घातला. मुलगा आपल्या मतावर ठाम राहिला.

अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या महाविद्यालयांत आणि सोसायट्यांच्या सभागृहांत आता प्रदर्शनं भरतात. यंदा अर्ज मागवताना तिथल्या समित्यांनी दोन जागा विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात. आमच्या गुणतक्त्याचा नमुना कोणाला हवा असेल, तर मी आनंदानं देईन.