गाडीचा नवा बिघाड आणि दोषाचा निवाडा

गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेल्या गाडीत आठ दिवसांच्या आत दुसराच बिघाड निर्माण झाला, की गाडीमालकाचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘मिस्त्रीने गाडी बिघडवली.’ परभणी-जिंतूर मार्गावरील झरीसारख्या गावात हे वाक्य साधे नसते. तेथे जीप किंवा टेंपो ही बहुधा चैनीची वस्तू नसून कर्ज काढून घेतलेले पोटाचे साधन असते. आणि मिस्त्रीचे भांडवल म्हणजे त्याचे हात व त्याचे नाव. एकाची गाडी चार दिवस उभी राहिली तर हप्ता थकतो, दुसऱ्याचे नाव बाजारात खराब झाले तर गिऱ्हाईक तुटते. म्हणून दोष कोणाचा हे ठरविण्याची रीत शुद्ध असणे अगत्याचे आहे. ती रीत कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

नंतर झाले म्हणजे त्यामुळे झाले काय?

दुरुस्ती अगोदर झाली आणि बिघाड नंतर झाला, एवढ्यावरून दुरुस्ती हे बिघाडाचे कारण ठरत नाही. प्रतीत्यसमुत्पादाच्या शिकवणुकीत कार्याचा कारणाशी जो संबंध सांगितला आहे तो केवळ क्रमाचा नाही, अवलंबनाचा आहे. कारण काढून घेतले असता कार्य उरत नाही, तेथेच खरा संबंध असतो. यावरून पहिला प्रश्न निघतो : मिस्त्रीने हात लावला नसता, तर हा बिघाड टळला असता काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, प्रत्येक घटनेला कारण असते, आणि ते कारण एक तर मानवी कृतीत असते किंवा निसर्गनियमात. गाडीच्या बिघाडाला हे विभाजन तंतोतंत लागू पडते. रबर कडक होऊन तडकते, बॅटरी क्षीण होते, धातू झिजतो, हा निसर्गनियम. बोल्ट ढिला राहिला ही मानवी कृती. परंतु मानवी कृती एकट्या मिस्त्रीचीच असते असे नाही. चालक, मालक आणि सुटा भाग बनविणारा हेही त्या साखळीत उभे असतात.

तपासाचे चार प्रश्न

पहिला प्रश्न स्थानाचा. नवा बिघाड जेथे झाला, तेथे मिस्त्रीचा हात पोहोचला होता काय? येथे केवळ बदललेला भाग पाहून भागत नाही. त्या भागापर्यंत जाण्यासाठी काय काय सोडावे लागले, हे पाहावे लागते. क्लच प्लेट बदलावयाची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून त्यानंतर गिअरबॉक्सचे ऑइल गळू लागले, गिअर अडखळू लागला किंवा स्टार्टरची वायर सैल निघाली, तर संशय रास्त आहे. मागच्या चाकाचे ब्रेक लायनर झिजले, तर त्याचा क्लचच्या कामाशी संबंध नाही.

दुसरा प्रश्न काळाचा व अंतराचा. निष्काळजीपणाने केलेले काम बहुधा लवकर बोलते. ऑइल बदलताना खालचा ड्रेन बोल्ट नीट आवळला नाही, तर पहिल्या प्रवासातच थेंब दिसतात. चाकाचे नट ढिले राहिले, तर थोड्याच अंतरात चाक हलू लागते. सहा महिने आणि हजारो किलोमीटर गाडी सुरळीत चालल्यावर उद्भवलेला दोष त्याच कामाच्या माथी मारावयाचा असेल, तर पुरावाही तितकाच भक्कम हवा.

तिसरा प्रश्न आयुष्याचा. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते आणि रबरी होज पाईप लवकर जीर्ण होतात. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर व रेडिएटरची जाळी भरून टाकते. चार वर्षांची बॅटरी ब्रेकच्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी बंद पडली, तर तो बहुधा योगायोग समजावा. मात्र कामाच्या वेळी बॅटरीचे टर्मिनल सोडले होते काय, हे एकदा पाहून घ्यावे.

चौथा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : जुना बिघाड नव्याला झाकत होता काय? रेडिएटर गळत असेल तर आत पुरेसा दाब धरत नाही. नवा रेडिएटर बसविला की दाब पूर्ववत होतो, आणि जीर्ण झालेला जुना होज पाईप फुटतो. मालकाला वाटते, चांगला पाईप मिस्त्रीमुळे गेला. वस्तुतः तो अगोदरच गेलेला होता. त्याच्यावर भार नव्हता एवढेच.

कारण वेगळे, दोष वेगळा

या शेवटच्या उदाहरणात एक सूक्ष्म भेद आहे, आणि संपूर्ण निवाडा त्यावर अवलंबून आहे. मिस्त्रीने रेडिएटर बदलला नसता तर पाईप त्या दिवशी फुटला नसता. म्हणजे त्याची कृती कारणांपैकी एक आहे. तरीही तो दोषी नाही, कारण त्याने जे करावयास हवे होते तेच केले. दोष ठरविण्यासाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : त्याच्या जागी दुसरा जाणता मिस्त्री असता तर त्याने काय वेगळे केले असते? जाणत्या मिस्त्रीने पाईप हाताने दाबून पाहिला असता आणि ‘हाही बदलून घ्या’ असे सांगितले असते. हे न सांगणे ही त्याची उणीव होय. सांगूनही मालकाने पैसे वाचविण्यासाठी नकार दिला असेल, तर ती उणीव मालकाकडे जाते.

याच्या उलटही घडते. मिस्त्रीने एक बोल्ट ढिला ठेवला हे सिद्ध झाले, पण गाडी बंद पडली ती ऑल्टरनेटर जळाल्यामुळे. येथे त्याची चूक आहे, परंतु या बिघाडाचे कारण ती नव्हे. कारण आणि दोष हे दोन्ही जेथे एकत्र येतात, तेथेच भरपाईची मागणी न्याय्य ठरते.

काही प्रसंगी दोष विभागलेला असतो. समजा, काटा लाल रेषेवर असतानाही चालकाने झरीहून जिंतूरपर्यंत गाडी दामटली. मिस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला. पण पुढे गाडी पुन्हा गरम झाली आणि हेड गॅसकेट जळालेले निघाले. गॅसकेट पहिल्याच प्रवासात गेले असण्याचा संभव मोठा आहे. परंतु कूलंट भरताना आतली हवा काढली नाही, तरीही गाडी पुन्हा तापते. दुरुस्तीपूर्वीच कूलंट कमी होत होते काय, आणि दुरुस्तीनंतर काटा किती अंतरात चढला, या दोन गोष्टींची नोंद असेल तरच येथे वाटणी करता येते.

पुरावा राखणे

म्हणून आमची वाचकांना सूचना अशी की, गाडी देताना किलोमीटरचा आकडा, तक्रार आणि चालू असलेले सूचक दिवे कागदावर लिहून घ्यावेत. पक्के बिल घ्यावे. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. ऑइलचा दिवा लागला किंवा काटा लाल रेषेवर गेला तर इंजिन तत्काळ बंद करावे. त्यानंतर गाडी चालविली तर पुढील नुकसान आपले असते. दुसऱ्या गॅरेजमध्ये भाग उघडण्यापूर्वी पहिल्या मिस्त्रीला बोलवावे आणि छायाचित्रे घ्यावीत. दुसऱ्या मिस्त्रीचे मत उपयुक्त असते, तथापि तो धंद्यातील प्रतिस्पर्धीही असतो. केसपुत्त गावी कालामांना केलेल्या उपदेशात ऐकीव गोष्ट, किंवा बोलणाऱ्याचा अधिकार पाहून मत न बनविण्यास सांगितले आहे, ते येथेही स्मरावे. मिस्त्रीच्या जातीवरून वा धर्मावरून त्याच्या कामाचा अंदाज बांधणे हा तर पुरावाच नव्हे. ज्यांनी स्वतः असे शिक्के सोसले आहेत, त्यांनी ते दुसऱ्याच्या कपाळी मारू नयेत.

समोरासमोर सुनावणी

विनयपिटकातील चुल्लवग्गात वाद मिटविण्याच्या सात रीती आहेत. त्यांतील पहिली ‘सम्मुखाविनय’, म्हणजे संबंधितांच्या उपस्थितीत केलेला निर्णय. गैरहजर माणसाविरुद्ध निवाडा करणे तेथे निषिद्ध मानले आहे. दुसऱ्यावर दोष ठेवू पाहणाऱ्याने योग्य वेळी, सत्य, मृदू शब्दांत, हितासाठी व मैत्रीपूर्ण चित्ताने बोलावे, असेही तेथे सांगितले आहे. चावडीवर बोभाटा करण्यापूर्वी गाडी मिस्त्रीपुढे उभी करून ‘पाहा, असे झाले’ म्हणणे हाच त्याचा व्यवहारातील अर्थ. पुष्कळसे तंटे येथेच मिटतात.

कायदा काय म्हणतो?

न मिटल्यास कायद्याचा मार्ग खुला आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेतली पाहिजे. त्याच अधिनियमाच्या कलम १७० नुसार केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो गाडी रोखून धरू शकतो. यास्तव वाद असल्यास निषेध लेखी नोंदवून पैसे द्यावेत, हे श्रेयस्कर. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेला ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परंतु त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे. वर सांगितलेल्या कागदांचे मोल तेथे कळते.

तपासाअंती मिस्त्रीचा दोष निघाला, तर भरपाई निःसंकोच मागावी. गरिबाने गरिबाची चूक झाकली पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. दोष निघाला नाही, तर ज्या चौकात आरोप केला त्याच चौकात तो मागे घ्यावा.