बादशहाकडून काय आलं?

चीनच्या दरबारात सणाला भेट मिळणं म्हणजे नुसती चैन नव्हे. बादशहाच्या मर्जीतले कोण, हे त्यावरून अख्ख्या राजधानीला कळायचं. आणि भेटी तरी कसल्या? ओठांचं मलम, पंखा, मांस, चक्क विस्तवसुद्धा!

मलमाची गोष्ट थांग राजवटीतली (६१८ ते ९०७). ऐन कडाक्याच्या थंडीत वर्षाखेरचा ‘ला’ सण यायचा आणि दरबाऱ्यांना चेहऱ्याचं नि ओठांचं औषधी मलम मिळायचं, तेही चांदीच्या कुप्यांतून. कवी दू फूने कवितेत या मलमाची आणि कुप्यांची नोंद केली आहे. ओठ फुटू नयेत याची काळजी खुद्द बादशहाने घ्यावी, ही कल्पनाच किती गोड!

वसंतात गार अन्नाचा सण. चुली विझवायच्या, शिजवलेलं गारच खायचं. मग छिंगमिंग सणाला राजवाड्यासमोर पोरांची शर्यत लागायची: एल्मचं लाकूड घासून पहिला विस्तव कोण पाडतो? जिंकणाऱ्याला रेशमी कापडाचे ३ तागे आणि सोन्याचा वाडगा. तो नवा विस्तव बादशहा जवळच्या सरदारांना द्यायचा.

उन्हाळ्यात पंखे. ६४४ साली पाचव्या महिन्याच्या सणाला बादशहा थायत्सुंगने दोन मंत्र्यांना स्वतःच्या हस्ताक्षरातले प्रत्येकी २ पंखे दिले. पुढे सुंग राजवटीच्या दरबारात वसंतारंभी सोन्याचांदीचे दागिने मिळायचे. ते डोक्यावर खोवूनच घरी जायचं.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा थांगच्याही शेकडो वर्षं आधीचा, हान बादशहा वूच्या काळातला. भर उन्हाळ्यातला सण, दरबाऱ्यांना मांस वाटायचं ठरलेलं, आणि वाटणारा अधिकारीच येईना. तुंगफांग श्वो नावाच्या दरबाऱ्याने वाट पाहिली, तलवार उपसली, आपला वाटा कापला आणि सरळ घरचा रस्ता धरला. दुसऱ्या दिवशी बादशहाने फर्मावलं, उभा राहा आणि स्वतःची कानउघाडणी कर. पठ्ठ्याने सुरुवात तर केली: हुकमाची वाट पाहिली नाही, केवढा हा उर्मटपणा! पण मग म्हणे, तलवारीने मांस कापलं, काय ती हिंमत. थोडंच घेतलं, काय तो प्रामाणिकपणा. आणि नेऊन बायकोला दिलं, काय ती माया! बादशहाला हसू आवरेना. वर १०० चिन, म्हणजे साधारण २५ किलो मांस आणि भरपूर दारू देऊन त्याने सांगितलं, हेही बायकोलाच नेऊन दे.

छिंग काळात (१६४४ ते १९१२) मोठा मान होता बादशहाच्या हातच्या एका अक्षराला: ‘फू’, म्हणजे सुदैव. वर्ष सरताना बादशहा ते स्वतः कुंचल्याने लिहायचा. समोर मानकरी गुडघे टेकून बसलेला. अक्षर पूर्ण झालं की दोन खोजे कागद दोन्हीकडून धरून त्याच्या अंगावरून न्यायचे, म्हणजे सुदैव नखशिखान्त लाभावं!

पुढे सम्राज्ञी त्सीशीही स्वतःच्या नावाने चित्रं भेट द्यायची. त्यांतली बरीच मात्र म्याओ च्याहुइ या युन्नानहून आलेल्या चित्रकर्तीच्या हातची होती. तिची फुलं पाहाच कधी. राजमुद्रेशिवायही ती तितकीच सुंदर आहेत.