कृष्णेच्या डाव्या काठावरची स्थानके

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर समुद्र आणि कडा यांच्या बेचक्यात वसलेल्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांची ख्याती जितकी द्राक्षमळ्यांमुळे व रंगीत घरांमुळे आहे, तितकीच ती तेथील छोट्या पल्ल्याच्या रेल्वेगाडीमुळे आहे. दिवसभराचा एक पास काढून प्रवासी एका गावी उतरतो, फिरतो आणि पुढच्या गाडीने पुढचे गाव गाठतो. एकाच लोहमार्गाच्या आधाराने गावांचा पुंजका पाहण्याची ही रीत महाराष्ट्रात शोधायची झाली, तर सातारा व सांगली जिल्ह्यांतून जाणाऱ्या पुणे–मिरज मार्गाकडे वळावे लागते. लोणंदपासून मिरजेपर्यंतच्या टप्प्यात त्यावर लहानमोठी वीसेक स्थानके आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या आसपास पाहण्याजोगे, समजून घेण्याजोगे काहीतरी आहे.

मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय हा प्रवास नीट साधत नाही. चिंक्वे तेर्रेत कोर्निल्या हे कड्यावरचे गाव सोडल्यास गाडी गावातच उतरवते. कृष्णाकाठी मात्र स्थानक एकीकडे आणि गाव दुसरीकडे अशी स्थिती वारंवार आढळते. याचे कारण मार्गाच्या आखणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने हा मार्ग मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर ठेवून, बांधला. लोणंदनंतर सालपे व आदर्कीच्या घाटवळणांनी तो नीरेचे खोरे सोडून कृष्णेच्या खोऱ्यात येतो आणि तेथून मिरजेपर्यंत कृष्णा न ओलांडता तिच्या डाव्या, म्हणजे पूर्वेकडील, अंगाने जातो. सातारा शहर आणि कऱ्हाड ही दोन्ही मोठी ठिकाणे नदीच्या पलीकडे, उजव्या बाजूला आहेत. त्यामुळे साताऱ्याचे आजचे स्थानक माहुलीजवळ, कृष्णा–वेण्णा संगमाच्या परिसरात आहे, तर कऱ्हाडचे स्थानक कृष्णा–कोयनेच्या प्रीतिसंगमापासून काही किलोमीटर दूर ओगलेवाडीला आहे. स्थानकाबाहेर पडल्यावर एसटी, रिक्षा किंवा वडाप, म्हणजे माणसे भरली की सुटणारी जीप, यांच्यावर भिस्त ठेवावी लागते.

या गैरसोयीतूनच एक वेगळा इतिहास घडला. गावापासून दूर, उघड्या माळावर उभ्या राहिलेल्या स्थानकांभोवती नवी गावे वसली, आणि या प्रवासातील सर्वांत मोलाचा भाग तीच आहेत. वाठार स्टेशन या गावाने तर आपल्या नावातच रेल्वे वागवली आहे. मोटारीचे दिवस येण्याआधी महाबळेश्वरला जाणारी मंडळी येथे उतरून टांग्याने वाई–पाचगणीकडे निघत. कऱ्हाड स्थानकाजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि ओगलेवाडी हे नाव रूढ झाले. घरोघरी पोचलेला प्रभाकर कंदील तो याच कारखान्याचा.

किर्लोस्करवाडीची हकिगत याहून थोर आहे. बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला आणि १९१० मध्ये तेथे लोखंडी नांगरांच्या कारखान्याची वसाहत सुरू झाली. कच्चे लोखंड व कोळसा आणायचा आणि तयार माल धाडायचा तर रेल्वे दाराशी हवी, हे त्या निवडीमागचे साधे गणित होते. पुढे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. याच वसाहतीतून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली. मुंबई–पुण्यापासून इतक्या दूरच्या एका माळावरून मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांचे विचार घडवणारे अंक बाहेर पडत होते, ही गोष्ट त्या फलाटावर उभे राहून आठवावी अशी आहे. जवळचे कुंडल हे १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचे केंद्र होते. इंग्रज सत्तेला न जुमानता सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग मोडत असे, लोकांनी चालवलेली ती स्वतंत्र राज्यव्यवस्था होती. तिच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी अलीकडच्या शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार नेणारी गाडी अडवून सरकारी रक्कम ताब्यात घेतली.

मिरजेकडे तोंड करून बसल्यास उजव्या खिडकीतून नदीकाठची काळी मळी व उसाचे फड दिसत राहतात आणि डाव्या बाजूला माळ व डोंगररांगा सोबत करतात. ओगलेवाडीला सदाशिवगड याच बाजूला आहे. मसूरला समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे. ताकारीहून सागरेश्वराचे अभयारण्य गाठता येते आणि त्याच भागात यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आहे. भिलवडीला उतरून औदुंबरच्या दत्तस्थानी जाण्याची वहिवाट जुनी आहे. नांद्र्याच्या आसपास येरळा ओलांडली की सांगली जवळ येते. मूळचा मार्ग माधवनगरकडून जात असल्याने सांगली शहर त्यावर नव्हते. संस्थानकाळात त्यासाठी मिरजेहून वेगळा फाटा काढावा लागला होता. १९७१ च्या सुमारास मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १.६७६ मीटर रुंदीचा, झाला तेव्हा त्याची आखणीही काही ठिकाणी बदलली आणि सांगली मुख्य मार्गावर आली.

मिरज जंक्शनवर पुण्याकडील, कोल्हापूरकडील, बेळगावकडील आणि पंढरपूर–कुर्डुवाडीकडील मार्ग एकत्र येतात. रूपांतरानंतरही बेळगावकडील मीटरगेज आणि पंढरपूरकडील बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज, म्हणजे अडीच फुटी रूळ, बरीच वर्षे टिकून राहिल्यामुळे तिन्ही रुंदींचे रूळ असलेल्या देशातील मोजक्या स्थानकांत मिरजेची गणना होई. त्याच पंढरपूर मार्गाने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याच्या वाघिणी गेल्या, आणि दुष्काळात तहानलेल्या शहराला कृष्णेचे पाणी मिळाले.

प्रत्यक्ष प्रवासात एक्स्प्रेस व पॅसेंजर यांतला भेद महत्त्वाचा ठरतो. कोयना, महालक्ष्मी यांसारख्या एक्स्प्रेस सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज अशा मोठ्या ठिकाणी थांबतात. आमणापूरसारखे लहान ठिकाण पाहायचे तर पॅसेंजरच धरावी लागते, आणि अशा गाड्या दिवसाकाठी मोजक्याच असल्याने उतरण्यापूर्वी परतीची वेळ पाहून ठेवणे अगत्याचे असते. एकेरी मार्गाच्या काळात समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर लहान स्थानकात रखडे आणि ‘क्रॉसिंग पडले’ हे वाक्य प्रत्येक प्रवाशाच्या तोंडी असे. मार्गाच्या दुहेरीकरणाने आणि विद्युतीकरणाने तो खोळंबा कमी होतो.

तिकिटाची अडचण मात्र रुळांनी सुटणारी नाही. पाचशे किलोमीटरांपर्यंतच्या तिकिटावर वाटेत उतरून पुन्हा प्रवास सुरू करण्याची मुभा नसल्याने, कऱ्हाडला उतरून पुढे भिलवडीला जाणाऱ्याला प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. मुंबईच्या लोकलवर एक, तीन व पाच दिवसांची पर्यटक तिकिटे मिळतात. तशी सोय लोणंद ते मिरज या टप्प्यात पॅसेंजर गाड्यांपुरती जरी झाली, तरी शाळांच्या सहली आणि सुटीला आलेली कुटुंबे माहुली, किर्लोस्करवाडी आणि औदुंबर ही ठिकाणे एका दिवसात रेल्वेने जोडू शकतील. फलाट, रूळ आणि गाड्या तर तेथे आधीपासूनच आहेत.