नेट स्पीड भरपूर, तरी कॉल तुटतोय? स्विचमधला मॅक ॲड्रेसचा नियम कधी कामी येतो, कधी नाही

समजा, एका दवाखान्यात १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. दुपारी चारला एका कॉम्प्युटरचा क्लाउड बॅकअप सुरू होतो आणि रिसेप्शनवरच्या आयपी फोनचा आवाज तुटायला लागतो. पलीकडचा पेशंट "हॅलो, हॅलो" करत फोन ठेवून देतो. अपॉइंटमेंट गेली.

सल्ला ठरलेला असतो, स्पीड वाढवून घ्या. पण आवाजाच्या एका कॉलला साधारण १०० केबीपीएसच पुरतात. गडबड रांगेत आहे. बॅकअपची मोठी पॅकेट्स पुढे आणि आवाजाची इवलीशी पॅकेट्स मागे ताटकळत. फाइल अर्धा सेकंद उशिरा पोचली तर कुणाला पत्ताही लागत नाही. आवाज मात्र एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

मग फोनला रांगेत पुढे कसं काढायचं? त्याच्या मॅक ॲड्रेसवरून. हा ४८ बिटांचा पत्ता उपकरणाला कारखान्यातच मिळतो आणि बहुतेक वेळा मागच्या स्टिकरवर १२ अक्षरं-अंकांत छापलेला असतो. त्यातली पहिली ६ सहसा कंपनीची ओळख सांगतात. त्यामुळे एकाच कंपनीचे २० फोन असतील, तर बऱ्याच स्विचमध्ये तेवढ्या भागावर एकच नियम लावता येतो.

नियम साधा असतो: या पत्त्यावरून आलेल्या पॅकेटला अमुक प्राधान्य. प्राधान्याचे ० ते ७ असे ८ स्तर असतात, आवाजाला बहुतेक ठिकाणी ५ देतात. ७ नेटवर्कच्या स्वतःच्या कामांसाठी सोडलेला बरा. अर्थात यासाठी मॅनेज्ड किंवा स्मार्ट स्विच लागतो, बाजारात मिळणाऱ्या साध्या स्विचमध्ये ही सेटिंगच नसते. आणि साहेबांच्या लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांनाच ५ दिला, की सगळे पुन्हा एकाच रांगेत!

इथवर सोपं आहे. फसगत पुढे होते.

टोलनाक्यावर ॲम्ब्युलन्सला वाट करून दिली, पण कोंडी पुढच्या घाटात असेल तर काय उपयोग? दवाखान्यात तेच होतं. स्विचचा पोर्ट १ जीबीपीएसचा, बाहेर जाणारी लाइन १०० एमबीपीएसची. स्विचमध्ये गर्दी नसतेच, रांग लागते राउटरवर किंवा त्यापुढच्या मोडेममध्ये. त्यात मॅक ॲड्रेस राउटरच्या पुढे जात नाही, तो तिथेच बदलतो. म्हणून स्विचने पॅकेटवर डीएससीपी नावाची खूणही करावी लागते (आवाजासाठी ४६) आणि ती खूण राउटरने मानावी लागते. शिवाय राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवली, तर रांग मोडेमकडे न जाता राउटरच्या ताब्यात राहते.

फक्त स्विचवरचा नियम पुरतो तो कोंडी आतल्या आत असेल तेव्हा. उदाहरणार्थ, दोन मजल्यांच्या स्विचना जोडणारी एकच केबल आणि तिच्यावरून वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर चाललेला बॅकअप. तिथेही एक गोष्ट हमखास राहून जाते. फोनचा पत्ता "पाठवणारा" म्हणून टाकला, तर त्याच्याकडून जाणारा आवाजच सुधारतो. येणाऱ्या आवाजासाठी तोच पत्ता "घेणारा" म्हणून दुसऱ्या नियमात टाकावा लागतो.

मोबाइलसाठी तर हा उपाय कच्चाच. ॲन्ड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वाय-फायला खरा मॅक न देता बनावट देतात, गोपनीयतेसाठी. नेटवर्क 'विसरून' पुन्हा जोडलं की काही फोनमध्ये तो बदलतोही. मग नियम स्विचमध्ये तसाच दिसतो, लागू मात्र कुणालाच होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बहुधा बनावट.

नियम लावून झाल्यावर शांत वेळी कॉल करून बघण्यात अर्थ नाही, तेव्हा तो नियमाशिवायही नीटच लागतो. मुद्दाम बॅकअप सुरू करायचा आणि मग रिसेप्शनवरून फोन लावायचा.