विश्लेषण : पहिला ट्रेक ‘सोपा’, म्हणजे नेमका किती सोपा?

पाऊस ओसरू लागला की मोबाइलवर ‘नवशिक्यांसाठी सोपा ट्रेक’ अशा जाहिराती दिसू लागतात. घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी परिसरातून शिक्षण किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत गेलेली मुले त्यात नाव नोंदवतात. गावाकडची भावंडेही रात्रभर प्रवास करून त्यांना येऊन मिळतात. जाहिरातीत धुके असते, तलाव असतो, सूर्योदय असतो. चढ किती, हे मात्र अनेकदा नसते. पहिल्या ट्रेकला तेच आधी पाहायला हवे.

‘सोपा’ कशावरून ठरवायचे?

अंतर, चढ आणि परतीची वाट या तीन गोष्टींवरून. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही वापरला जातो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, असा तो हिशेब. हा वेळ सराव असलेल्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. नवख्याने त्यात किमान निम्म्या वेळेची भर घालावी.

कळसूबाई, राजमाची, लोहगड : तिन्ही ‘सोपे’?

नवख्यांना बहुतेक वेळा यांपैकीच एक ट्रेक सुचवला जातो. तिघांची परीक्षा मात्र वेगवेगळी आहे.

• कळसूबाई : अकोले तालुक्यातील हे शिखर १६४६ मीटर उंच, राज्यात सर्वोच्च. बारी गावातून वाट ठळक आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. त्यामुळे त्याला सोपे म्हणतात. पण चढ साधारण साडेआठशे मीटरचा. तीन मीटरचा एक मजला धरला तर हे पावणेतीनशेहून अधिक मजले झाले. माथ्यावरून भंडारदऱ्याचा जलाशय आणि अलंग-मदन-कुलंग दिसतात. उतरताना गुडघे बोलू लागतात.

• राजमाची : लोणावळ्याकडून वाट बरीचशी सपाट आहे, पण एका बाजूचे अंतर सुमारे १५ किलोमीटर. इथे दम लागण्यापेक्षा तळपायांना फोड येण्याची शक्यता जास्त. कर्जतजवळच्या कोंदिवडे गावाकडून आले तर अंतर कमी होते, चढ वाढतो. म्हणून राजमाचीची जाहिरात पाहिली की ‘कोणत्या बाजूने?’ हे आधी विचारावे.

• लोहगड : पायथ्याच्या लोहगडवाडीपासून पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडत माथा गाठता येतो. विंचूकाट्याच्या बाजूने पवना जलाशय, तुंग आणि तिकोना दिसतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत लोहगड आहे. खरोखर पहिलाच ट्रेक असेल तर या तिघांत हाच बरा. फक्त पावसाळ्यातला रविवार टाळावा. पायऱ्यांवर इतकी गर्दी होते की वर जाणारे आणि उतरणारे दोघेही अडकून पडतात.

सरावासाठी घाटनांदूरजवळ काय आहे?

त्यासाठी पुणे गाठायची गरज नाही. घाटनांदूरचा परिसर बालाघाटाच्या रांगेतला. भूगोलाच्या पुस्तकात ‘हरिश्चंद्र-बालाघाट’ म्हणून येणारी ही रांग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडाकडून निघून मराठवाड्यात येते. सह्याद्रीचे कडे इथे नाहीत, पण पाय तयार करण्याइतका चढ नक्की आहे.

अंबाजोगाईबाहेर मुकुंदराजांच्या समाधीचा डोंगराळ परिसर आहे. पाटोदा तालुक्यात सौताडा इथे विंचरणा नदी दरीत कोसळते आणि रामेश्वराच्या मंदिरापर्यंत पायऱ्या उतरतात. आधी उतार, मग चढ असा हा उलटा ट्रेक आहे. म्हणजे दमायची वेळ परतताना येते, हे लक्षात ठेवून उतरावे. ट्रेकच्या आधी तीन-चार आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर चढ-उतार करावा. जे बूट ट्रेकला घालायचे तेच घालून आणि पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन.

गाइड नेमके काय करतो?

वाट दाखवणे हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. खरे काम म्हणजे गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावरून ठरवणे, धुक्यात फाट्यावर कुणी चुकणार नाही हे पाहणे, कड्याच्या टोकाला फोटोसाठी जाणाऱ्याला थांबवणे आणि वेळ टळली की माथा न गाठता गट मागे फिरवणे. त्यासाठी एक जण सर्वांत पुढे आणि एक जण सर्वांत मागे हवाच.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

• नोंदणी आहे का? क्रमांक काय?
• एकूण चढ किती मीटर, चालायचे अंतर किती?
• किती जणांमागे एक गाइड? त्यात पायथ्याच्या गावातला कुणी आहे का?
• प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कुणाला आहे?
• किती वाजता मागे फिरणार?
• पावसाचा इशारा आला तर ट्रेक रद्द होणार का आणि पैसे परत मिळणार का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गोलमाल असेल तर दुसरा आयोजक शोधावा. पैसे बुडण्याच्या भीतीने लोक लाल इशाऱ्यातही निघतात.

पावसाचा अंदाज का चुकतो?

मराठवाडा पर्जन्यछायेत येतो. इथल्या सवयीने घाटमाथ्याचा पाऊस मोजता येत नाही. वर सर आली की पायाखालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते कुठल्या अवघड गडावर नव्हे, वर्षासहलीला आले होते.

पहिल्या ट्रेकसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वाटा कोरड्या असतात, ऊन सोसवते आणि हवा स्वच्छ असल्याने दूरचे डोंगरही दिसतात. निघताना ट्रेकचे नाव, पायथ्याचे गाव, आयोजकाचा क्रमांक आणि परतीची वेळ घरच्यांना लिहून पाठवावी. अडचण आल्यास ११२ वर फोन करावा. डोंगरात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून हा निरोप गाडीतून उतरण्यापूर्वीच पाठवावा.